बोर्लीच्या उतारावर फटफटी

लग्नानंतर तीन वर्षांनी ह्यांनी फटफटी घेतली. हे डॉक्टर. आमचं बिऱ्हाड दिघीला आणि रोगी थेट बोर्ली पंचतनपर्यंत विखुरलेले. बैलगाडीने पोचेपर्यंत दुखणं हाताबाहेर जायचं, म्हणून ह्यांनी मुंबईहून एक जुनी, अवजड फटफटी मागवली. खाडीपलीकडच्या आगरदांड्याहून ती मचव्यातून आणली आणि दिघीच्या धक्क्यावर उतरवतानाच शेवाळलेल्या दगडांवरून घसरली. चार कोळ्यांनी दोर धरला होता, म्हणून खाडीत गेली नाही. तो दोर त्यांच्या तळव्यांतून सरकताना मी पाहिला, आणि त्या यंत्राची धास्ती माझ्या मनात बसली ती बसलीच.

उन्हाळ्यात निभून जायचं. पावसाळ्यात मात्र तांबडी माती साबणासारखी व्हायची. अडलेल्या बाळंतिणीच्या खोलीत घरचे लोक पुरुषाला येऊ देत नसत, म्हणून हे मला बरोबर नेत. हे दाराआडून सांगत, मी आत करत असे. अशा पाच-सहा जणींना मी मोकळं केलं होतं. लुगड्याचा काष्टा आवळून, औषधांची पेटी मांडीवर घट्ट धरून मी ह्यांच्या मागे बसायची. चाक जरा इकडेतिकडे झालं की एका हाताने ह्यांचा कोट पकडायची.

त्या श्रावणात एका सकाळी बोर्लीहून एक म्हातारा शेतकरी चालत आला. त्याची सून परवापासून अडली होती. तू मागून ये, असं त्याला सांगून आम्ही निघालो.

बोर्लीच्या अलीकडे एक उतार होता. डोंगराची माती वाहून येऊन रस्ताभर पसरली होती. ह्यांनी गाडी थांबवली, मला पेटी घेऊन कडेच्या गवतावरून चालत यायला सांगितलं, आणि स्वतः दोन्ही पाय जमिनीला टेकवत हळूहळू उतरू लागले. अर्ध्यावर पुढचं चाक बैलगाडीच्या चाकोरीत शिरलं. ह्यांनी ब्रेक दाबला असावा. मागचं चाक गर्रकन फिरून पुढे आलं आणि सगळं धूड ह्यांच्या डाव्या पायावर आडवं झालं. तसंच ते ह्यांना चार-पाच हात फरफटत घेऊन गेलं.

मी धावले, पडले, उठून पुन्हा धावले. इंजिन बंद पडलं होतं, पण पेट्रोल ठिबकत होतं. तापलेल्या नळीवर थेंब पडून चर्र वाजत होतं.

"आधी पेट्रोलची चावी फिरवून बंद कर," हे म्हणाले.

ती कुठे असते ते मला ठाऊक होतं, तरी बोटांना सापडेना. शेवटी फिरली. मग गाडी उचलायला गेले तर हातही निसटत आणि पायही. दोनदा उचलली, दोनदा खाली आली. तिसऱ्यांदा मी पाठमोरी झाले, टाचा गवतात रोवल्या आणि सीटखाली पाठ लावून रेटलं. गाडी चार बोटं वर आली तेवढ्यात ह्यांनी पाय ओढून घेतला. पोटरी भाजली होती. ह्यांनी स्वतःच घोटा चाचपला आणि मोडलाय म्हणाले.

"तू पुढे हो."

"तुम्हाला असं टाकून?"

"मला काही होत नाही. तिकडे दोन जीव आहेत."

"आणि मूल आडवं असलं तर?"

"मागच्या खेपेला केलंस तेच कर. हात धू, घाई करू नकोस, पाय शोध."

माझी घोंगडी ह्यांच्यावर टाकून मी निघाले. वळणापर्यंत तीनदा मागे पाहिलं. गाव मैलभरच होतं, पण पाय उचलत नव्हता. मी आजवर जे केलं ते दाराआड हे आहेत म्हणून केलं होतं.

मूल आडवंच होतं. किती वेळ गेला कोण जाणे. खोलीत धूर कोंडला होता, तिची सासू तिचं डोकं धरून बसली होती, आणि मी आतल्या आत ह्यांचे शब्द घोकत होते. शेवटी एक पाय हाताला लागला. मूल बाहेर आलं ते निळं, गप्प. मी त्याची पाठ चोळली, तोंड पुसलं, फुंकर घातली, पुन्हा चोळलं. बऱ्याच वेळाने ते मांजराच्या पिल्लाएवढं रडलं. मुलगी होती.

ह्यांना आणायला माणसं पाठवा म्हणून सांगायला मी ओटीवर आले, तर तो म्हातारा अंगणात शिरत होता. ह्यांना त्याने पाठुंगळीला घेतलं होतं. उतारापासून एकट्याने आणलं होतं. गुडघ्यापर्यंत चिखल, श्वास लागलेला. त्याने ह्यांना जपून ओटीवर बसवलं, पायाखाली घोंगडी सरकवली आणि मगच माझ्याकडे पाहिलं.

"सून हाय ना, बाय?"

आहे म्हटलं, नातही आहे. तो तिथेच खाली बसला आणि पंच्याने तोंड झाकून घेतलं.

ह्यांचा घोटा थोडा वाकडाच बसला. दिवाळीनंतर हे पुन्हा फटफटीवर बसले, तेव्हा आठ दिवस मी ह्यांच्याशी बोलले नाही.