दुधाला दिली

कत्तलखान्यात म्हशी तपासायचं काम मी चार वर्षं केलं. जनावरांचा डॉक्टर म्हटलं की लोकांना सुई टोचणारा माणूस दिसतो. माझ्या हातात मात्र सुरी असायची. सकाळी जिवंत म्हशी-रेडे बघायचे, ठीक वाटतील त्यांना मंजुरी द्यायची आणि कापल्यावर फुप्फुसं, काळीज, मानेतल्या गाठी चिरून बघायच्या. क्षयाची गाठ आधी सुरीला कळते. करकर लागते आणि आतून पिवळट, खव्यासारखं काहीतरी निघतं. असं मांस बाजूला काढून नष्ट करायचं, वहीत नोंद करायची, पुढच्या जनावराकडे वळायचं.

गाठी कुठल्या जनावरांत निघतात हे हळूहळू पाठ झालं. पाच-सहा वेतं झालेली, खंगलेली, कोंदट गोठ्यात एका दावणीला खेटून बांधलेली म्हातारी म्हैस. गाठ निघाली की कानातल्या बिल्ल्यावरून मालकाचं घर गाठायचं, उरलेली जनावरं तपासायची, घरात कोणी खोकतंय का विचारायचं, हा माझा हट्ट. तो बहुतेक वेळा वायाच जायचा. कारण खाटकाला जनावर दिलं असं आमच्याकडे कोणी कबूल करत नाही.

"म्हैस कुठं गेली?"

"दुधाला दिली की, साहेब."

तिची फुप्फुसं चिरून मी आलेलो असायचो. अशा वेळी फार चिडचिड व्हायची, पण लाजेपुढं माझी वही काय करणार!

गेल्या वर्षी उन्हाळ्यात एका म्हशीनं सकाळच्या तपासणीत माझ्या फायलीला नाक लावलं. हुंगतच राहिली. बरगड्या मोजून घ्याव्यात इतकी वाळलेली होती. रांग मोठी होती, मला घाई होती. मी कोपरानं तिचं तोंड बाजूला ढकललं. ताप नव्हता, चाल बरी होती. मंजुरी देऊन टाकली.

नंतर तिच्या फुप्फुसात गाठीच गाठी निघाल्या. बिल्ल्याचा नंबर मोबाइलवर टाकला, तर मालक म्हणून माझ्या वडिलांचं नाव आलं. तो बिल्ला मीच मारला होता, अंबडजवळच्या आमच्या गोठ्यात.

आठवड्यापूर्वी मायनं फोनवर सांगितलं होतं, "आटली रे ती. एका दूधवाल्याला दिली." आटलेली म्हैस कोण दूधवाला नेतो, हे जनावरांच्या डॉक्टरला सुचलंसुद्धा नाही. सहा महिने मी घरी गेलो नव्हतो. आणि वडील दोन महिन्यांपासून खोकत होते.

वडील एमआयडीसीतल्या सळयांच्या कारखान्यात राखणदार होते. खोकल्याचं खापर ते तिथल्या धुळीवर फोडायचे. धार काढता काढता पेलाभर कच्चं दूध पिण्याची त्यांची सवय जन्माची. गावोगावच्या शिबिरांत 'दूध उकळून प्या' म्हणून घसा कोरडा करणारा मी घरी एकदाच बोललो होतो. "आपलं दूध काय पाकिटातलं है का?" म्हणून ते हसले होते, आणि मीही हसलो होतो.

त्या दिवशी कामावरून तडक घरी गेलो. ते ओसरीवर बसले होते, माय आत भाकरी थापत होती.

"बाबा, उद्या थुंकी तपासायला चला."

"कामून? धुळीचा खोकला है. बिलकुल काई झालं न्हाई."

अर्धा तास हुज्जत घातली. ते ऐकेनात, तेव्हा सांगावंच लागलं.

"आपल्या म्हशीला क्षय होता, बाबा. फुप्फुसात गाठी होत्या."

"दूधवाल्यानं सांगितलं का?"

"न्हाई. मी बघितल्या."

आतला भाकरीचा आवाज थांबला. मी कुठं काम करतो हे दोघांनाही माहीत होतं. वडिलांनाही मायनं दूधवाल्याचंच सांगितलं होतं. त्यांनी तिला एका शब्दानं विचारलं नाही. विचारलं असतं, भांडले असते, तर मला बरं वाटलं असतं. दुसऱ्या दिवशी ते मुकाट माझ्या गाडीवर मागं बसले.

क्षयच निघाला. म्हशीकडून त्यांना आला की त्यांच्याकडून म्हशीला, हे नुसतं बघून सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणाले. म्हशीचं सांगितलंत ते बरं केलं, औषधं ठरवताना उपयोग होतो, असंही म्हणाले. उरलेल्या जनावरांची मी तपासणी करून घेतली. वडिलांनी औषधं एकही दिवस न चुकवता घेतली आणि ते बरे झाले. आता दूध उकळून पितात, तोंड वाकडं करून.

माय या सगळ्यात म्हशीबद्दल काही बोलली नाही. औषधं संपली त्या आठवड्यात मी घरी गेलो होतो, तेव्हा ती अंगणात ज्वारी पाखडत होती. सूप न थांबवता तिनं विचारलं,

"तिनं वळखलं का रे तुला?"

"हो."

सूप थांबलं.

"आन् तू?"

"न्हाई, माय. मी तिला ढकललं."