गोदाक्कांच्या उशाशी

देवाविषयी शिकायला म्हणून मी बेंगळुरूला आले, आणि दुसरं वर्ष निम्मं सरलं तेव्हा माझ्या लक्षात आलं की देवाशी बोलणंच माझं बंद झालं आहे. हे एका दिवसात घडलं नाही. उन्हाळ्यात विहिरीचं पाणी रोज थोडं थोडं खाली जातं, कुणाला कळत नाही, आणि मग एका सकाळी बादली तळाला आपटते, तसं झालं. पहाटे कॉन्व्हेंटच्या चॅपलमध्ये बाकीच्या सिस्टर्स डोळे मिटून बसत. मीही मिटत असे. आत मात्र पंख्याच्या आवाजाशिवाय काही नसे.

मी मूळची श्रीरामपूरकडची. माझे वडील गावातल्या आमच्या देवळात पोरांना धर्मशिक्षण देत. त्यांना सगळे मास्तर म्हणत. चर्चला आम्ही देऊळच म्हणायचो आणि देवाला देवबापा. बारावीनंतर मी धर्मभगिनी व्हायला गेले, काही वर्षं संस्थेच्या शाळेत शिकवलं, आणि मग मदर सुपीरियरांनी मला थिऑलॉजीच्या पदवीसाठी इकडे पाठवलं. वर्गात केरळची, झारखंडची, नागालँडची मुलं-मुली होती. शिकवणं सगळं इंग्रजीत. कृपा या विषयाचा तर अख्खा एक पेपर होता. देवाची कृपा म्हणजे काय, ती माणसाच्या पुण्याईनं मिळते की नुसती दिली जाते, त्यावर शतकानुशतकं कोण कोणाशी भांडलं, हे सारं मी मन लावून वाचलं. मार्क उत्तम पडले. म्हणूनच कुणाला शंका आली नाही. उत्तर लिहून झालं की पेनाला टोपण लावावं तसं माझं मन मिटून जायचं.

एकदा न राहवून मी आमच्या फादरांना सांगितलं. ते कृपेचाच पेपर शिकवायचे. मंगळुरूकडचे, म्हातारे, घरची भाषा कोंकणी, त्यामुळे माझ्याशी मोडकंतोडकं मराठी बोलायची त्यांना हौस.

"फादर, मला प्रार्थना होत नाही," मी म्हटलं.

वाटलं, एखादं पुस्तक सुचवतील. त्यांनी खोलीचं दार लोटून घेतलं आणि म्हणाले, "माका पण पुष्कळ वर्षं होत नव्हती. कोणाला सांगू नको."

"मग तुम्ही काय केलंत?"

"काय करणार? शिकवत राहिलो." हसले आणि म्हणाले, "पोरी, शनिवारी सुट्टी असते ना? जरा बाहेर फिरून ये. पुस्तकात किती बसशील?"

मला त्यांचा राग आला. एवढं मोठं दुःख सांगितलं आणि हे फिरून ये म्हणतात. त्याच आठवड्यात मी मनाशी ठरवलं की मदर सुपीरियरांना सांगायचं, पदवी सोडते, आणि जमलं तर हा वेशही उतरवते. ज्याच्यासाठी तो घातला, त्याच्याशीच बोलणं उरलं नाही, तर लोकांपुढे कशाला मिरवायचा?

शनिवारी सकाळपासून अंगात कणकण होती. तरी मी बस पकडून शिवाजीनगरला गेले. तिथल्या जुन्या चर्चमधली मरियामाता साडी नेसलेली असते, पायाशी मोगऱ्याच्या माळांचा ढीग असतो, आणि नवस करायला बुरखा घातलेल्या बायकाही येतात नि कुंकू लावलेल्याही. मी शेवटच्या बाकावर बसले. तिचा निरोप घ्यायचा म्हणून आले होते, पण निरोपाचेही शब्द सुचेनात. मेणबत्त्यांच्या ज्योती तापामुळे पाण्यात हलल्यासारख्या दिसत होत्या. माणसं येत होती, पायाला हात लावून जात होती, आणि मला वाटत होतं की मी काचेच्या पलीकडून हे सगळं बघते आहे. उठले आणि बाहेर पडले.

बसथांब्यावर दादाचा फोन आला. गाड्यांच्या गोंगाटात मला ओरडून बोलावं लागलं.

"दादा, मी घरी येतेय."

"बरं झालं. किती दिवस राहशील?"

"कायमची येतेय."

तो हळूच म्हणाला, "आईला मी इतक्यात सांगत नाही. तू नीट विचार कर."

फोन ठेवला तर कुणीतरी माझ्या कोपराला हात लावला. साठीच्या बाई होत्या, केसात अबोलीचा गजरा, हातात भाजीची पिशवी. "सिस्टर, तुम्ही मराठी की हो!" त्या म्हणाल्या. मी मान डोलावली. डोळे पुसायचं राहिलं होतं. "तुम्ही रडताय ते दिसतंय मला. अशा वेळी विचारू नये. पण आमचं घर इथंच मागच्या गल्लीत आहे. स्वल्प, म्हणजे जरा, येता काय? माझ्या थोरल्या जाऊबाईंशी मराठीत बोलायला माणूस पाहिजे."

मला नाही म्हणायचं बळ नव्हतं. चालता चालता त्यांनी सगळं सांगितलं. त्यांचं नाव शकुंतलाबाई. त्यांच्या सासरचं घराणं शहाजीराजांच्या काळापासून इकडचं. आता घरात बोलतात ते निम्मं कन्नड, निम्मं मराठी. थोरल्या जाऊबाई, म्हणजे गोदाक्का, कऱ्हाडकडच्या. लग्न होऊन लहान वयात इथे आल्या. स्वतःला मूल नाही. दिरांची मुलं त्यांनीच वाढवली. साऱ्या गल्लीशी कन्नडमध्ये बोलणाऱ्या आणि भांडणाऱ्या. परवा परवा त्यांना अर्धांगाचा झटका आला आणि त्यातून उठल्या त्या कन्नड पार विसरून. "आता फक्त माहेरचं बोलतात," शकुंतलाबाई म्हणाल्या. "आमचं कन्नड मिसळलेलं बोलणं त्यांना कळंना. मुलं तर इंग्लिश-कन्नडवाली. नुसतं भेदरून बघत राहतात. डॉक्टर म्हणाले, घरीच ठेवा, आता आमच्या हातात काही नाही. पण तोंडात घासच घेत नाहीत हो."

खोली लहान होती. खिडकीला निळा पडदा लावलेला, त्यातून दुपारचं ऊन झिरपून भिंतींवर पसरलं होतं, तळ्याच्या तळाशी असावं तसं. उदबत्तीचा वास होता. पलंगावर गोदाक्का इतक्या बारीक दिसत होत्या की पांघरुणाखाली कुणी आहे असं वाटूच नये. डोळे मात्र टक्क उघडे. मी खिडकीशी उभी राहिले. माझी साडी पांढरी, गळ्यात क्रूस, पाठीमागे तो निळा उजेड. त्यांनी माझ्याकडे खूप वेळ पाहिलं. मग जड जिभेनं, एकेक शब्द उचलून ठेवावा तसं विचारलं, "देवाकडनं आलीस व्हय?"

मला आजही तो क्षण जसाच्या तसा सांगता येत नाही. कानात नुसतं गुणगुणत होतं. त्याच देवाकडे पाठ करून मी निघाले होते. नाही म्हणावं तर या भेदरलेल्या जिवाला काय वाटेल, आणि हो म्हणावं तर कुठल्या तोंडानं? पण शकुंतलाबाई दारात पदर धरून उभ्या होत्या, आणि ती बाई माझ्याकडे बघत होती. माझ्या तोंडून निघून गेलं, "हो, मावशी."

"मग सांग त्याला," त्या म्हणाल्या, "मला लई भ्या वाटतंय."

भ्या. माझ्या आईचा शब्द. किती वर्षांत मी तो ऐकला नव्हता. मी पलंगाच्या कडेला बसले, त्यांचा थंडगार हात दोन्ही हातांत घेतला आणि मोठ्यानं बोलू लागले. काय बोलायचं ते ठरवलं नव्हतं. "देवबापा," मी म्हटलं, "ही गोदाक्का भ्यालीय. तिला इथलं कुणी ओळखू येत नाही. तू तिच्याजवळ बस. तिला सोडून जाऊ नको." एवढं म्हणून मी थांबले, आणि मग जे आलं ते माझं मलाच अनोळखी होतं. "आणि मीपण भ्यालेय, देवबापा. माझ्याजवळ पण बस."

गोदाक्कांनी माझा हात दाबला. म्हणाल्या, "अंबाबाईला बी सांग."

कॉलेजात धर्मांच्या संवादावर आम्हाला वेगळा अभ्यास होता. त्यातलं एक वाक्यही मला त्या वेळी आठवलं नाही. "सांगते की," मी म्हटलं, आणि डोळे मिटून देवासमोर त्यांचं ते म्हणणं जसंच्या तसं ठेवलं. शकुंतलाबाईंनी मऊ भात कालवून आणला. मी घास भरवला तो त्यांनी गिळला, दुसराही गिळला. मग त्या बोलत राहिल्या. माहेरची नदी, आंब्याची झाडं, कुठलीशी शेळी, सगळं एकमेकांत मिसळलेलं. मी हूं हूं करत होते. ताप चढत होता बहुतेक, कारण मलाही ती नदी दिसू लागली होती. तशीच बसल्या बसल्या माझा डोळा लागला. जागी झाले तेव्हा माझ्या खांद्यावर कुणीतरी शाल टाकलेली होती, गोदाक्का शांत झोपल्या होत्या, आणि माझा चेहरा ओला होता.

त्या संध्याकाळी मी मदर सुपीरियरांकडे गेले नाही. पुढच्या शनिवारी पुन्हा शिवाजीनगरला गेले, त्याच्या पुढच्याही. गोदाक्का बऱ्या झाल्या नाहीत, तसं काही घडायचं नव्हतं. पण त्या खाऊ लागल्या. मी जायचे, हात धरायचे, आणि त्या म्हणायच्या, "सांग त्याला." मी सांगायचे. हळूहळू शकुंतलाबाईही शेजारी बसू लागल्या आणि आपल्या मिश्र मराठीत मध्येच एखादं वाक्य घालू लागल्या. एकदा गोदाक्कांनी त्यांच्याकडे वळून, "तू शकू नव्हं?" म्हटलं, तेव्हा त्या स्वयंपाकघरात पळून गेल्या आणि किती तरी वेळ बाहेर आल्या नाहीत.

पुढे एकदा सकाळी तास चालू असतानाच शकुंतलाबाईंचा फोन आला, लवकर या म्हणून. फादरांनी माझा चेहरा बघून नुसता दरवाज्याकडे हात केला. मी रिक्षा केली. सिग्नलमागून सिग्नल लागत होते. रिक्षावाला "सरी, अक्का, सरी," म्हणजे बरं ताई बरं, एवढंच म्हणत होता, आणि मी मनातल्या मनात देवबापाला ओरडून सांगत होते की मी पोचेपर्यंत तिला थांबव, मी नसले तर ती भिईल, माझ्याशिवाय तिचं ऐकणारं कुणी नाही.

मी पोचले तेव्हा गोदाक्का गेल्या होत्या. कपाळावर ठसठशीत हळद लावली होती, आणि चेहऱ्यावर कधी नव्हे ती स्वस्थता होती. मी दारातच बसले आणि लहान पोरीसारखी रडले. शकुंतलाबाई माझ्या शेजारी जमिनीवर टेकल्या.

"पहाटेपासून तुमची वाट बघत होत्या," त्या म्हणाल्या. "मी फोन केला तो त्यांना न सांगता. आधी विचारलं, फोन करू? तर म्हणाल्या, राहू दे, पोर दमली असंल. मला आता भ्या न्हाई. माझ्याजवळ बसलंय की."

"कोण बसलंय म्हणाल्या?"

"मी पण तेच विचारलं. सांगितलं नाही. पलंगाच्या कडेला बघत होत्या. मी तर पायाशी होते."

मला त्यावर काही म्हणायचं नाही. कुणी म्हणेल, जाणाऱ्या माणसाला भास होतात. असतीलही. मला एवढंच ठाऊक आहे की रिक्षात बसून मी ज्याला आज्ञा करत होते, तो माझ्यासाठी थांबला नव्हता. त्याला माझी गरज नव्हती. इतके दिवस मला वाटत होतं की प्रार्थना मी करते, ती आटली तर मीच ती भरून काढायची, आणि नाही जमलं तर दोष माझा. त्या जमिनीवर बसल्या बसल्या ते ओझं माझ्या खांद्यावरून कुणीतरी उचलून घेतलं. घरच्यांनी मला गोदाक्कांच्या तोंडात तुळशीचं पान ठेवायला सांगितलं. मी ठेवलं.

नंतर मदर सुपीरियरांना मी सगळं खरं सांगितलं, निघून जायच्या विचारासकट. त्यांनी रागावायचं सोडून मला पोटाशी धरलं. आता माझं शेवटचं वर्ष चालू आहे. चॅपलमध्ये अजूनही कित्येक सकाळी काही सुचत नाही. तशा सकाळी मी झगडत नाही. तो आलेला असेल असं धरून चालते आणि गप्प राहते.

गेल्या नाताळात घरी गेले होते. आईनं बाजरीची भाकरी आणि वांग्याचं भरीत केलं होतं. ताट वाढता वाढता तिनं विचारलं, "एवढी वर्षं तिकडं काय शिकतीस गं? आम्हाला बी सांग की."

मी सांगायला तोंड उघडलं. दादा माझ्याकडे बघत होता.

"अजून शिकतेच आहे, आई," मी म्हटलं.

"बरं," ती म्हणाली. "मग जेवणाची प्रार्थना तू म्हण आज. लवकर म्हण, भाकरी गार होतीय."

मी हात जोडले. भाकरीच्या वाफेत आईचा आणि दादाचा चेहरा धूसर झाला होता. "देवबापा," मी म्हटलं, आणि पुढचे शब्द आपोआप येत गेले.