आटगावचा पीपी नंबर

"लष्कराच्या भाकऱ्या भाजतेस तू," असा टोमणा माझा धाकटा भाऊ मला येताजाता मारायचा. शहापुरात माझा कॉम्प्युटर क्लास होता आणि गावातल्या मंडळाच्या रक्तदान शिबिरांतली नावं मी फुकट टाइप करून ठेवायचे. नाव, गाव, रक्तगट, फोन. "तुझं काय जातंय रे?" म्हणायचे मी.

एका दुपारी तोच अनवाणी धावत क्लासमध्ये आला. "ताय, तिचं रक्त थांबत नाय." सकाळी त्याच्या बायकोला मुलगी झाली होती. आता तिला ओ निगेटिव्ह रक्त हवं होतं आणि कल्याणहून बाटली येईपर्यंत डॉक्टर थांबायला तयार नव्हते. "त्या गटाचा माणूसच आणा," म्हणाले.

मी कॉम्प्युटरकडे वळले आणि वीज गेली. मेली, नेमकी तेव्हाच! यूपीएस कोकलायला लागला. त्याची बॅटरी फार तर चहाला उकळी येईपर्यंत टिकायची. आमचा प्रोग्रॅम एका वेळी एकच माणूस दाखवायचा, म्हणजे एकेक नाव उतरवत बसायची सोय नाही. प्रिंटर तर ठप्पच. समोरच्या झेरॉक्सवाल्याकडे जनरेटर होता, फोनही होता, पण त्याच्या मशीनवर आमचा प्रोग्रॅम नव्हता. साधी टेक्स्ट फाईल मात्र कुठेही उघडते. ओ निगेटिव्हवाले तेवढे वेगळे काढून टेक्स्ट फाईलमध्ये फ्लॉपीवर उतरवायचे, अशी कमांड मी दिली.

फ्लॉपी घरघरली आणि अडकली. एरर!

"काय झालं, ताय?" भाऊ अगदी मानेवर येऊन उभा.

"गप रे मेल्या, मानेवरनं हो बाजूला!"

ड्रॉवर उपडा केला, दुसरी फ्लॉपी कोंबली, पुन्हा तीच कमांड दिली. फ्लॉपीचा दिवा लागला, विझला. ती बाहेर खेचली आणि स्क्रीन काळा झाला. फाईल नीट उतरली की नाही, तेही कळलं नव्हतं.

झेरॉक्सवाल्याकडे ती उघडली. ना रंग, ना चौकटी, नुसत्या ओळी, पण नावं-नंबर सगळे शाबूत. मला तर रडूच आलं. भाऊ नंबर वाचत गेला, मी फिरवत गेले. मुरबाडच्या माणसाला कावीळ झालेली. भातसानगरचा बदली होऊन गेलेला. टोकावड्याला घंटी वाजून वाजून थांबली. उरला आटगावचा एक, पण त्याच्या नंबरापुढे 'पीपी' होतं. घरी फोन नसला की लोक शेजाऱ्याचा नंबर द्यायचे आणि शेजारी हाक मारून बोलवायचा, तसला नंबर.

"त्याला?" शेजारी म्हणाला. "बांधावरनं वाजलंय आमचं. आमी तोंड नाय बघत त्याचं." आणि फोन ठेवला की हो त्याने!

माझं डोकंच फिरलं. पुन्हा लावला. "तोंड बघू नका त्याचं! नुसती हाक मारा! माझी भावजय रक्ताविना मरतेय इथे शहापुरात, तिची पोर आज सकाळी जन्मलीय!"

 पलीकडे रिसीव्हर टेबलावर टाकल्याचा आवाज आला, आणि लांबून हाक ऐकू आली, "अरे ए! भायेर ये रे! शापूरला जायचाय!"

दोघं एकाच मोटरसायकलवरून दवाखान्यात आले. चालवत शेजारीच होता. आत त्याचं रक्त देऊन होईपर्यंत शेजारी बाहेर बाकड्यावर बसून राहिला. मग पुन्हा त्याला मागे बसवून घेऊन गेला. जाताना दोघांत एक शब्द नाही.

भावजय वाचली.

पुढच्या शिबिरात भाऊ माझ्याशेजारी बसून नावं सांगत होता. आटगावचा तो माणूस पुन्हा आला. भावाने त्याला आधी चहा दिला, मग विचारलं, "आता बोलता का एकमेकांशी?"

"छे! नाय बोलत."

"मग नंबर बदलूया ना?"

"नको, तोच असू दे," तो म्हणाला. "बोलत नाय आमी. पण हाक मारतो तो."