टिचकीबाबूंचे शेअर

आमचे भाऊ कोणत्याही वस्तूला आधी टिचकी मारत आणि मग तिच्याविषयी मत देत. मडकं, टरबूज, जेवायचं पितळी ताट, कशाचीही सुटका नव्हती. नव्या रेंजरसाहेबांनी टेबलावर ठेवलेल्या सोला टोपीलाही त्यांनी एकदा टिचकी मारली आणि "हलकी हाय" असा निकाल दिला. आलापल्लीच्या लाकूड डिपोत ते बाबू होते आणि मी त्यांच्या हाताखालचा कारकून. सागाच्या ओंडक्यावर हातोडी मारायची, कान लावायचा आणि आत भरीव आहे की पोकळ ते सांगायचं, यात त्यांचा जन्म गेला होता. गाव त्यांना टिचकीबाबू म्हणे, आम्ही डिपोतले लोक भाऊ.

जन्म गेला म्हणजे खरोखरच गेला होता. हिवतापाने अंग पिवळं पडलेलं, आणि दर दोन-तीन वर्षांनी बदली, एका जंगलातून दुसऱ्या जंगलात. बाईंनी, म्हणजे त्यांच्या बायकोने, ट्रंक पुरती रिकामी करणंच सोडून दिलं होतं. "मले आता झाडं नोको," त्या म्हणत. "चार भिंती पाह्यजे. आपल्या." त्यांची बहीण नागभीडला होती. तिथे आगगाडीची शिटी ऐकत म्हातारं व्हायचं, एवढीच त्यांची इच्छा होती.

शिल्लक पैशांत घर होणार नव्हतं. तेव्हा नागपूरच्या मेव्हण्याने भाऊंना शेअरची वाट दाखवली. आता घरोघरी रेडिओ येणार, रेडिओ कंपनीत पैसे घाला, पेन्शनीत निघेपर्यंत घराचं होऊन जाईल, असं त्याचं म्हणणं. कंपन्या दोन होत्या, एकमेकींच्या जिवावर उठलेल्या. भाऊंनी त्यांची नावं कधी घेतली नाहीत. एक सागवानवाली आणि दुसरी डब्बावाली. पहिलीचा बॅटरीवरचा सेट रेंजरसाहेबांच्या बंगल्यात होता, चांगल्या जाड सागाच्या पेटीतला. दुसरीचा होता रहीमभाईंच्या किराणा दुकानात, बेकेलाइटचा, म्हणजे त्या काळच्या प्लास्टिकचा, बिस्किटाच्या डब्यासारखा.

तो सगळा पावसाळा भाऊंनी तोलण्यात घालवला. नागपूरचं शिळं वर्तमानपत्र ते चष्मा कपाळावर चढवून वाचत, शेअरचे भाव बघत, आणि थकून घडी घालून ठेवत. मग उठून दुकानात जात आणि डब्याला टिचकी मारत. डबा टक्‌ असा कोरडा वाजे. बंगल्यातली पेटी मात्र धीरगंभीर आवाज देई. शेवटी रहीमभाई वैतागले. "भाऊ, रेडिओ ऐकाची चीज हाय, ठोकाची नाई. रोज दहा लोकं इचारून राह्यले का असा कुठी भेटते म्हणून."

भाऊंचं उत्तर तयार होतं, आणि ते मला आजही चुकीचं म्हणवत नाही. "अरे, पेटीची मागची फळी कोणाले दिसते? तिथीबी त्यानं साग लावला. जो माणूस मागची फळी खोटी लावत नाई, तो आतमंदी खोटं काऊन करन?" त्यांनी सगळी पुंजी सागवानवालीत घातली.  बाईंनी नागभीडच्या बहिणीला जागा बघून ठेवायला सांगितलं.

पुढची काही वर्षं डिपोत लिलाव जोरात चालले. दर लिलावाला सागाचा भाव चढे. मोठमोठ्या शहरांचे व्यापारी येत आणि भाऊ हातोडी मारून छातीठोक सांगत, "भरीव माल हाय, अजून चढा!" सरकारचा फायदा झाला की त्यांची पिवळी चर्या उजळायची. त्या थकलेल्या माणसाकडे दुसरा आनंद होता तरी कोणता? इकडे डब्बावालीचे स्वस्त सेट बाजारोबाजारी, पार सिरोंच्यापर्यंत पोचले. सागवानवालीला पेटीचाच खर्च झेपेना, तिने किंमत वाढवली, आणि गिऱ्हाईक आणखी तुटलं. भाऊ निवृत्तीला आले त्याच सुमारास कंपनीने कायमचं टाळं लावल्याची बातमी आली.

बातमी त्यांनी दोनदा वाचली आणि पेपर माझ्याकडे सरकवला. मला वाटलं, कंपनीला शिव्या घालतील. ते नुसते आवारातल्या ओंडक्यांकडे बघत राहिले. "लाकडाचा भाव," ते म्हणाले, "मीच तं चढवून राह्यलो होतो." एवढं बोलून त्यांनी हातोडी उचलली आणि दुपारच्या लिलावाला गेले. त्या दिवशी "अजून चढा" मात्र त्यांच्या तोंडून आलं नाही.

रेंजरसाहेबांचा सेट तोवर मुका झाला होता. कंपनीच नाही म्हटल्यावर नवे व्हॉल्व्ह कुठले मिळणार? निरोपाच्या दिवशी साहेबांनी तो भाऊंना देऊन टाकला. आम्ही तो त्यांच्या ट्रंकेशेजारी बैलगाडीत ठेवला. नागभीडला त्यांनी भाड्याची एक खोली घेतली आणि वर्षाच्या आतच भाऊ तिथे वारले. मला फार लागलं. वडील गेले तेव्हाही मी इतका रडलो नव्हतो.

बाईंना भेटायला गेलो तेव्हा कोपऱ्यात ती पेटी दिसली. आतल्या तारा, नळ्या काढून टाकून बाईंनी तिचं देवघर केलं होतं. आत अन्नपूर्णा, बाळकृष्ण, आणि पुढे निरांजन. मागची फळी तशीच शाबूत होती. मी बघतोय हे पाहून बाईंनी पदराने पेटीवरची धूळ पुसली.

"मी चार भिंती मांगतल्या होत्या," त्या म्हणाल्या. "तुमच्या भाऊनं देल्ल्या. जरा लहान निंगाल्या, इतकंच."