तांब्याभर दव

राजकुमार यांचा स्टुडिओ उस्मानपुऱ्यात आहे. आठवड्याचे सहा दिवस ते पासपोर्टाचे, नोकरीच्या अर्जाचे फोटो काढतात. माणसाला स्टुलावर बसवतात आणि समोरून तोंडावर उजेड टाकतात. रविवारी मात्र सगळं उलटं. पहाटे स्कूटरवर पैठण रस्त्यानं निघायचं, माळावर पोटावर झोपायचं आणि गवताची एखादी काडी आपल्या आणि सूर्याच्या मधे घ्यायची. उजेड मागून आला की कुसळाचा केस न् केस पेटतो, माशीचा पंख काचेचा होतो. लेन्समध्ये सूर्य शिरू नये म्हणून वर डावा तळहात धरायचा. काडीच्या पाठीमागं काहीतरी काळं शोधायचं, दगडाची सावली किंवा खड्डा. एवढीच विद्या, पण ती त्यांनी पंचवीस वर्षं पोटावर झोपून मिळवली होती.

२०१३च्या उन्हाळ्यात शहर चितेगावकडं सरकत होतं. माळावर प्लॉटांचे चुना फासलेले दगड रोवले होते. त्या दगडांमध्येच पाचोडकडच्या एका धनगराचं बिऱ्हाड उतरलं होतं. मल्हारराव, त्याची बायको आक्काबाई आणि साठ-सत्तर मेंढरं. गावात टँकर यायचा. आक्काबाई तिथून डोक्यावर हंडा आणायची.

त्या रविवारी राजकुमारांना दगडांच्या ढिगापाशी कोळ्याचं जाळं सापडलं. वाळल्या गवतावर ताणलेलं, मागं सावली, सूर्य नुकता वर आलेला. फक्त थेंब नव्हते. दव पडायला हवेत ओल लागते, आणि ती त्या साली कुठंच नव्हती. न्हाव्याकडं असते तशी फवाऱ्याची बाटली ते जवळ ठेवत, पण तिच्यातलं पाणी पिशवीतच सांडून गेलं होतं. ते बिऱ्हाडाकडं गेले.

"मावशी, तांब्याभर पाणी मिळंल का?"

"फोटूवाला व्हय तू? मघापासून पालथा पडलायस. मी ह्यास्नी म्हणलं, गडी मेला का बघा!" आक्काबाई हसली. "तहान लागली का?"

राजकुमारांनी जाळ्याकडं वळून बघितलं. मग म्हणाले, "व्हय."

तिनं हंड्यातून तांब्या भरला आणि त्यांच्या हातात दिला. "दमानं पी बाबा. उपाशीपोटी पाणी लागतंय."

तांब्या घेऊन ते ढिगाच्या आडोशाला गेले. पाणी बाटलीत ओतलं, जाळ्यावर फवारलं. प्रत्येक थेंबात एकेक सूर्य बसला. वीस-पंचवीस फोटो झाले असतील, तेवढ्यात उजेड गेला. त्यांनी मान वर केली. आक्काबाई तांब्या न्यायला आली होती. ती ओल्या गवताकडं बघत होती. तिच्या मागून एक कोकरू आलं आणि जाळ्यासकट ते गवत चाटायला लागलं. तिनं त्याला हाकललं नाही. रिकामा तांब्या उचलून ती निघून गेली.

शहरातल्या एका प्रदर्शनात त्या फोटोला पहिलं बक्षीस मिळालं. स्टेजवर कुणीतरी विचारलं, दुष्काळात दव कसं मिळवलंत? राजकुमार म्हणाले, "पहाटे लवकर उठावं लागतं." लोकांनी टाळ्या वाजवल्या.

घरी त्यांची आई सत्यभामा फोटो बराच वेळ न्याहाळत बसली. तिचं माहेर पाचोडजवळच्या खेड्यातलं.

"पाणी कुणाचं रं ह्ये?"

त्यांनी सांगितलं.

"तांब्या हातात दिला तिनं? वरून नाय ओतलं?"

"हातात दिला."

सत्यभामा लहानपणी गावच्या विहिरीपाशी उन्हात ओंजळ धरून उभी राहायची. कुणी वरून धार सोडली तर प्यायची. राजकुमारांना हे ठाऊक होतं. लहानपणापासून ठाऊक होतं.

"मंग एक घोट तर प्यायचास," ती म्हणाली. फोटो त्यांच्या हातात परत देत म्हणाली, "जा. सांग तिला."

पुढच्या रविवारी माळावर चुलीचे तीन दगड आणि लेंड्या तेवढ्या होत्या. त्यानंतर राजकुमार तीनदा पाचोडच्या बाजाराला गेले. तिसऱ्यांदा मेंढरांच्या बाजारात आक्काबाई दिसली.

"मावशी, त्या दिवशी मला तहान नव्हती. मी खोटं बोललो."

"मला ठावं हाय. तहानलेला माणूस तांब्या घिऊन आडोशाला जात नाय." तिनं हात पुढं केला. "फोटू आणलास का? दाव की."

त्यांनी पिशवीतून फोटो काढला. ती बघत राहिली. मग नवऱ्याला हाक मारली. "अवं, हिकडं या! आपलं पाणी फोटूत आलंय!"

मल्हारराव आला, दोघं-चौघं आणखी जमले. "आयला, हिऱ्यावाणी दिसतंय," एक जण म्हणाला. मल्हारराव म्हणाला, "मंग! टँकरचं नव्हं, आमच्या हंड्यातलं हाय." सगळे हसले. त्याची छाती फुगली होती. राजकुमारांना कुठं बघावं कळेना. ती माणसं चार शिव्या देतील, एवढीच तयारी करून ते आले होते.

नीट दिसावं म्हणून आक्काबाईनं फोटो उन्हात वर धरला. ऊन मागून आलं. कागदाच्या उजळ भागातून पाठीवरची ठसठशीत काळी अक्षरं पुढं उमटली, उलटी.

"मागं काय लिवलंय?"

राजकुमार पिशवीचं तोंड बांधायला लागले.

"वाच की बाबा. आमचं नाव हाय का?"

"'पहाटेचं दव,'" त्यांनी वाचलं. "'प्रथम पारितोषिक.'"

"दव म्हंजी दहिवर?"

"व्हय."

"त्या उन्हाळ्यात कुठलं दहिवर?" असं म्हणून ती हसायला लागली आणि मधेच थांबली. मल्हाररावानं फोटोवरचा हात काढून घेतला. मागचे दोघं मेंढरांकडं वळले. आक्काबाईनं पदराच्या टोकानं फोटोवरचे आपल्या बोटांचे डाग पुसले आणि तो राजकुमारांच्या हातात दिला.

"घे. मंग ह्ये आमचं नव्हं," ती म्हणाली.