पहिल्या बाकावरचा प्याला

तो प्याला माझ्या हातात आला, त्या क्षणी माझा देवावर विश्वास होता की नाही, हे मला आजही सांगता येत नाही. स्वतःवर नव्हता, एवढे नक्की.

मी सुतार. नाशकातल्या आमच्या ख्रिस्ती वस्तीत प्रार्थनामंदिराचे बाक मी केले आणि मयताच्या पेट्याही मीच करीत असे. दारूच्या दुकानापुढे खादीवाली माणसे हात जोडून उभी राहू लागली, तेव्हा मी मागच्या दाराने जाऊ लागलो. एकदा पिऊनच एका आजींची पेटी केली. ती चार बोटे आखूड भरली. मंदिरामागच्या कबरस्तानात सगळ्यांसमोर ते उघड झाले, आणि नवी पेटी होईपर्यंत आजींचा देह चिंचेखाली ठेवावा लागला. तेव्हापासून मंडळीच्या पंचांनी मला प्रभुभोजनाला, म्हणजे प्रभूच्या आठवणीची भाकर आणि प्याला घ्यायला, बसू दिले नाही. तीन महिने निर्व्यसनी राहा, मग पाहू, असे ठरले.

त्या तीन महिन्यांत मंदिराच्या पाळकसाहेबांनी माझ्याकडून पवित्र शास्त्र वाचून घेतले. एवढ्या जलप्रलयातून तरलेला नोहा द्राक्षारसापुढे आडवा झाला, हे वाचून मी घाबरलो. मद्याने नव्हे, आत्म्याने भरून जा, असे पौल सांगतो. ते वाचताना वाटे, मी नुसता रिकामा झालो आहे, भरलो कशानेच नाही.

आमच्याकडे प्रभुभोजनाला द्राक्षारसाऐवजी मनुकांचे पाणी वापरतात. प्रत्येक महिन्याला एका घराची पाळी. मनुका तीन दिवस भिजवायच्या, आंबू नयेत म्हणून शनिवारी उकळायच्या, रविवारी मंदिरात गाळायच्या. ज्या रविवारी मला परत घेणार होते, त्याच महिन्याची पाळी आमच्या घराची आली. मे महिना होता. शनिवारी पत्नी दिंडोरीला भावजयीचे बाळ पाहायला गेली आणि जाताना उकळण्याचे काम माझ्यावर सोपवून गेली.

मी त्या भांड्याजवळ गेलोच नाही. फडके सोडले आणि दारूसारखा तो आंबूस वास आला तर? दिवसभर अंगणात रंधा मारीत बसलो. संध्याकाळी ती टांग्यातून उतरली आणि तिने विचारले, "अहो, चांगली उकळी फुटू दिलीत ना?"

"हो," मी म्हणालो.

तीन महिन्यांनी तिने माझ्यावर विश्वास टाकला होता. तिला खरे सांगायला माझी जीभ उचलली नाही.

सकाळी मंदिराचे रखवालदार भांडे गाळायला घेऊन गेले. त्यांच्या नाकाला तपकिरीशिवाय दुसरा वास ठाऊक नव्हता. खेड्यांवरून पाहुणे जास्त आले आहेत असे कळल्यावर पत्नीने घाईने मूठभर मनुका उकळून आणखी एक किटली पाठवली.

परत घेतलेल्या माणसाला आमच्याकडे पहिल्या बाकावर बसवतात आणि प्याला आधी त्याच्या हाती देतात. पाळकसाहेब सर्वांत शेवटी घेतात. माझ्या शेजारी एक अनोळखी पाहुणा होता, मालेगावकडचा विणकर असावा. प्याला हातात आला आणि वास आला. उन्हाने पाणी आंबले होते. माझ्या तोंडाला पाणी सुटले, प्याला ओठांजवळ येऊन अडला. प्यालो तर त्या एका घोटाने मी पुन्हा मागच्या दाराशी जाणार, हे मला कळत होते. न पिता पुढे दिला तर मनात पाप आहे म्हणून टाळतो, मी लपून पितो आहे, अशी सर्वांची खात्री होणार. हा प्याला माझ्यापुढून टळो, अशी प्रभू येशूने मरणाच्या आदल्या रात्री बागेत केलेली प्रार्थना मी कितीदा वाचली होती. त्या वेळी मला तिच्यातला एक शब्दही आठवला नाही.

शेजारच्याने माझ्या हातातून प्याला काढून घेतला आणि एका दमात रिकामा केला. मंदिरात कुजबुज उठली. बायकांच्या बाजूने कोणी म्हणाले, "पाहुण्यांना न्याहारी दिली नव्हती वाटतं." पहिले भांडे दूर होते, किटली हाताशी. पाळकसाहेबांनी किटलीतून प्याला भरला आणि पुन्हा माझ्या हाती दिला. ते पाणी कोमट होते, नुसते गोड. पुढे घोट घोट करीत सगळ्यांना ती किटलीच पुरली.

उपासनेनंतर तो पाहुणा चिंचेखाली तोंड धूत होता. मी विचारले, तुम्ही असे का केलेत? त्याने माझ्याकडे नीट पाहिले.

"माले तहान लागेल व्हती, भाऊ," तो म्हणाला, आणि पिशवी उचलून चालू लागला.

त्याला वास आला होता का? माझा अडलेला हात दिसला होता का? की खरोखरच तहान लागली होती? मी पुष्कळ चौकशी केली. तो कोणाकडे उतरला होता, हे कोणालाच सांगता आले नाही. सगळे त्याला हावरा म्हणत होते. म्हणून त्याच दुपारी मी आधी पत्नीला आणि मग पाळकसाहेबांना सारे खरे सांगितले. पत्नी म्हणाली, "वासाची भीती वाटते, एवढंच सांगायचं होतं ना. मी गेले नसते."

पाळकसाहेबांनी शिक्षा दिली नाही, काम दिले. आता पाळी कोणाचीही असो, मनुका मीच उकळतो. फडके सोडण्याआधी पत्नीला हाक मारतो. ती येऊन शेजारी उभी राहते. वाफ तोंडावर येते आणि मला दर वेळी तोच प्रश्न पडतो, तो कोण असेल. उत्तर मिळाले नाही, तरी आता चालते. मला तो प्याला पिताही येत नव्हता आणि खाली ठेवताही येत नव्हता. देवाने माझ्याकडून फार मागितले नाही. कोणी तो काढून घेऊ लागला, तेव्हा मी बोटे सैल सोडली, तेवढेच.