आत्याबाईंनी इतिहास लावला

आमच्या आत्याबाईंना पुस्तक वाचता येत नाही. म्हणजे अक्षर येतं, जोडाक्षरांना तर त्या अशा भिडतात की बिचारं जोडाक्षरच माघार घेईल. पण पुस्तक वाचून बाजूला ठेवायचं असतं आणि आपल्या कामाला लागायचं असतं, हे त्यांना कुणी शिकवलंच नाही. त्या पुस्तक वाचत नाहीत, लावतात. आणि एकदा पुस्तक लागलं की आमच्या घराची धडगत नसते.

आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई, दैवशालाबाई. कुंभार पिंपळगावच्या पुढं आमचं लहानसं गाव आहे, तिथं सासूला आत्याबाईच म्हणतात. मी सुमेधा, जालन्याची. लग्न होऊन आले तेव्हा वाटलं होतं, खेड्यातली सासू, फार तर डोक्यावर पदर घे म्हणेल. पदराचं त्यांनी कधी नाव काढलं नाही. त्यांनी मला कुठं नेऊन बसवलं ते पुढं येईलच.

आधी लावणं म्हणजे काय ते सांगते. दर श्रावणात आमच्या मारुतीच्या देवळात पोथी लागते. एकानं ओवी वाचायची, दुसऱ्यानं तिचा अर्थ सांगायचा, गावानं ऐकायचं. नारळ फोडून लावलेली पोथी अर्धी सोडायची नाही आणि जागेवरून हलवायची नाही. शेवटी समाप्ती आणि जेवणावळ. आत्याबाईंनी उभं आयुष्य ही पोथी खांबामागं, बायकांच्या गर्दीत बसून ऐकली. एकदाच त्यांनी तोंड उघडून विचारलं होतं, "बुवा, सीतामाईला कुणी काही इचारलं कसं न्हाई?" तेव्हा भागवतबुवा म्हणाले, "बाई, पोथी ऐकायची असती, इचारायची नसती." आत्याबाईंनी ते गिळलं, पण त्यांना ते काही पचलं नाही.

देवळाला लागून एक खोली आहे. एका मास्तरांनी निवृत्त होताना आपली सगळी पुस्तकं गावाला दिली, ती तिथल्या कपाटात. खोली झाडायचं काम आत्याबाईंकडं आलं, चावीही त्यांच्याकडं. झाडता झाडता एक दिवस कपाट उघडलं आणि हाताला पहिलं पुस्तक लागलं ते समाजकार्याचं. आता पुस्तक सुरू कसं करायचं? आत्याबाईंना एकच पद्धत माहीत. त्यांनी पुस्तक चौरंगावर ठेवलं, हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला आणि मुखपृष्ठाला हात जोडून पान उलटलं.

पहिल्याच धड्यात लिहिलं होतं, कार्यकर्त्यानं घरोघरी जाऊन लोकांच्या अडचणी ऐकाव्यात, सल्ला देऊ नये. दुसऱ्या दिवशी सकाळी आत्याबाई चप्पल घालून निघाल्या. शेजारच्या नंदाबाईंना विचारलं, "अडचण काय हाय तुमची?" नंदाबाई म्हणाल्या, "माझी सून." मग परसात जाऊन सुनेला विचारलं, तर ती म्हणाली, "सासू." पुस्तकात सल्ला देऊ नका म्हटलेलं, म्हणून आत्याबाईंनी सल्ला दिला नाही. दोघींना आमच्या ओट्यावर समोरासमोर बसवलं, पुढ्यात भुईमुगाच्या शेंगांची पाटी ठेवली आणि म्हणाल्या, "बोला आता, मी ऐकून राह्यले." त्या दोघींनी शेंगा फोडल्या, मी चहा केला. पुन्हा शेंगा, पुन्हा चहा. संध्याकाळपर्यंत दोघींची अडचण एकच झाली होती, ती म्हणजे आत्याबाई. त्यावर त्यांचं असं एकमत झालं की भांडण मिटूनच गेलं.

मग निरनिराळ्या धर्मांची माहिती देणारं पुस्तक लागलं. "समद्यांचंच म्हणणं बराबर हाय की गं, सुमे," आत्याबाई चष्मा कपाळावर चढवून म्हणाल्या, "मंग आपुन एकाचंच का ऐकून राह्यलो?" त्या वर्षी आमच्याकडं बुद्धपौर्णिमेला खीर झाली. रमजानात आत्याबाई रोज भज्यांची ताटली घेऊन बिल्किसआपांच्या इफ्तारीला जाऊन बसायच्या. जैनांच्या पर्युषणात त्यांनी सूर्य बुडायच्या आत जेवायचं ठरवलं. माझे यजमान अंगद शेतातून अंधारात परत येतात. त्यांना चुलीपुढं व्याख्यान मिळालं, भाकरी मिळाली नाही. मीच मागल्या दारानं दिली. पुस्तकाची समाप्ती होईपर्यंत वर्षातले सगळे सण आमचे झाले होते, आणि सगळ्या सणांची भांडी माझी. राग यायचा. पण नाताळाच्या दिवशी चुलीवरच्या पातेल्यात केक फुगवायला निघालेल्या सासूवर रागावून तरी किती वेळ राहणार? केक फुगला नाही. आम्ही दोघी मात्र पोट दुखेपर्यंत हसलो.

इतिहासाची तर गंमतच. मराठवाड्याचा इतिहास सांगणारा एक जाडजूड ग्रंथ कपाटाच्या तळाशी होता. तो अजून लागला नव्हता, आत्याबाई फक्त चाळत होत्या. तेवढ्यात त्यांना कळलं की भोकरदनचं जुनं नाव भोगवर्धन. झालं! भोकरदनला माझ्या मावसनणंदेकडं जाताना जालन्याला बसमध्ये बसल्याबरोबर त्यांनी कंडक्टरला खणखणीत सांगितलं, "दोन भोगवर्धन द्या." कंडक्टर म्हणाला, "आजी, ही गाडी तिकडं जात न्हाई." आत्याबाई म्हणाल्या, "पहिल्यापासून तिकडंच जाती बाबा, तुलाच म्हाईत न्हाई." मी खिडकीकडं तोंड करून बसले. ओळखच दाखवली नाही.

असं सगळं मजेत चाललं होतं, आणि श्रावणाच्या तोंडावर सरपंच काकासाहेब आमच्या ओट्यावर आले. भावकीतले, म्हणून आत्याबाईंना वहिनी म्हणतात. माणूस वाईट नाही, पण मोठेपणाचा भुकेला.

"वहिनी, ती खोली रिकामी करायची हाय. जावयाला ऑनलाईनचं केंद्र टाकून द्यायचंय. सातबारा, पीकविमा, समदं एका जागी. पुस्तकं पंचायतीच्या गोदामात जातील."

"गोदामात उंदरं हायेत, भाऊजी."

"मंग उंदरं वाचतील की! इथं तरी तुमच्याबिगर वाचून राह्यलं कोण?"

ते हसत हसत गेले. आत्याबाई त्या दिवशी जेवल्या नाहीत. मी ताट घेऊन गेले तर भिंतीकडं बघत म्हणाल्या, "सुमे, देवळात मी जलमभर खांबामागं बसले गं. त्या खोलीत मला कुणी मागं सरक म्हणलं न्हाई." मला इतकं वाईट वाटलं की ताट तिथंच ठेवून मी त्यांच्याजवळ बसून राहिले. खोली वाचवायची कशी, ते मला सुचेना आणि त्यांनाही.

दुसऱ्या दिवशी त्या लवकर उठल्या. "जायच्या आधी तेवढा इतिहास लावते," म्हणाल्या. त्यात काहीही डाव नव्हता, हे मी मारुतीची शपथ घेऊन सांगेन. नारळ फुटला. इतिहासाला कुंकू लागलं, वर झेंडूचं फूल, शेजारी समई. नंदाबाई आणि त्यांची सून सवयीनं येऊन बसल्या. इतक्यात दारात ट्रॅक्टर वाजला आणि काकासाहेब पोती घेऊन उतरले.

उंबऱ्याशी आले आणि थबकले. त्यांच्या आजोबांनी एकदा लागलेली पोथी अर्धी सोडली होती आणि त्याच साली विहीर आटली, असं त्यांच्या घरात अजून सांगतात. काकासाहेबांचे हात आपोआप चपलेकडं गेले.

"पोथी लावली?"

"लावली."

"कोणची?"

"इतिहासाची."

"ही पोथी हाय व्हय?" ते चिडले. मग त्यांनी कुंकवाकडं बघितलं, फुटलेल्या नारळाकडं बघितलं. "समाप्ती कधी हाय मंग?"

"जाड हाय, भाऊजी. बसा."

ट्रॅक्टर रिकामा परत गेला. तेव्हा कुठं आत्याबाईंच्या आणि माझ्या ध्यानात आलं, की समाप्तीपर्यंत ही खोली कुणाच्या बापाला हलवता येणार नाही.

आणि इथं माझं नशीब फुटलं. पोथी म्हटली की अर्थ सांगणारा हवाच. आत्याबाईंनी मला शेजारी बसवलं. आता साध्या मराठीतल्या इतिहासाचा अर्थ काय सांगायचा? त्या वाचायच्या, "सतरा सप्टेंबरला हैदराबाद संस्थान भारतात विलीन झालं." आणि सगळे माझ्याकडं बघायचे. मी म्हणायची, "म्हणजे, हैदराबाद संस्थान भारतात विलीन झालं." बायका माना डोलवायच्या, "हां, आता बराबर कळलं." मला धरणी पोटात घेईल तर बरं असं व्हायचं.

एक नियम मात्र आत्याबाईंनी स्वतःचा घातला. कुणीही, कधीही, काहीही विचारावं. मग काय विचारता! निजामाच्या राणीला सासुरवास होता का? राजांच्या घोड्यांना चारा कुठून यायचा? आणि त्याचा खर्च कोण करायचं? उत्तर पुस्तकात असेल तर आत्याबाई पान शोधायच्या, नसेल तर "म्हाईत न्हाई, हुडकू" म्हणायच्या. देवळातली गर्दी हळूहळू खोलीकडं सरकायला लागली. भागवतबुवा एकदा डोकावून गेले, दुसऱ्या दिवशी उपरणं झटकून बसलेच.

किती पानं राहिली ते बघायला काकासाहेब रोज संध्याकाळी यायचे. आधी बाहेर उभे राहायचे, मग पायरीवर टेकायला लागले. शहागडला गोदावरी कुणी कुठं ओलांडली यावरून एकदा त्यांनी पायरीवरूनच वाद घातला आणि वादाच्या भरात आत येऊन सतरंजीवर बसले. पण निघताना विचारायचे तेच, "संपत आलं ना?"

संपत आलंच होतं. म्हणून मी माझे अर्थ लांबवायला लागले. पुस्तकात एका ओळीत रस्ता बांधून व्हायचा, मी त्याला खडी टाकायची, रोलर फिरवायची, मजुरांना जेवायला बसवायची. आत्याबाईंनी एका संध्याकाळी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. "बास, सुमे. पोथीशी लबाडी न्हाई करायची. जल्दी नको आन् उशीरबी नको. संपल तवा संपल." आणि पुढची ओळ वाचली. मला त्यांचा इतका राग आला आणि इतकं प्रेम आलं की त्या ओळीचा अर्थ सांगायचा राहूनच गेला. कुणाच्या ध्यानातही आलं नाही.

समाप्तीला वरण-बट्टी झाली. शेवटचं पान आत्याबाईंनी उभं राहून वाचलं. ग्रंथ मिटला, त्यावर डोकं टेकवलं, आणि डोकं वर उचलायला त्यांना जरा वेळ लागला. बाहेर ट्रॅक्टर उभाच होता, पोत्यांसकट.

राहिला फक्त नारळ. समाप्तीला वाचणाऱ्यानं नारळ हातात धरून विचारायचं, पुढची पोथी कोणाची? जो नारळ घेईल तो यजमान. त्याची पोथी त्याच जागी लागते आणि ती संपेपर्यंत त्यानं रोज सगळ्यात पुढं बसायचं. एकदा घेतलेला नारळ परत करता येत नाही.

आत्याबाईंनी रीत म्हणून नारळ उचलला. "पुढली पोथी कोणाची?"

सरपंचाच्या डोळ्यांदेखत हात पुढं करणार कोण? नंदाबाई सुनेकडं बघायला लागल्या, सून पायाच्या अंगठ्याकडं. भागवतबुवांनी घसा खाकरला आणि तेवढ्यावरच थांबले. मी उठायला गेले, तर वाचणाऱ्याच्या घरचं चालत नाही असं कुणीतरी कुजबुजलं. आत्याबाई नारळ धरून उभ्याच. "कोणाचीच न्हाई का?" हे त्या इतक्या हळू म्हणाल्या की मला रडूच फुटलं.

आता काकासाहेबांचं एक आहे. या गावात सप्ताहाचा असो, पूजेचा असो की कुस्तीचा, कुठलाही नारळ आजपर्यंत त्यांच्या आधी दुसऱ्याच्या हातात गेलेला नाही. आणि असा लोंबकळत राहिलेला नारळ तर त्यांनी जन्मात बघितला नव्हता. त्यांची चुळबुळ सुरू झाली. ते इकडं बघायचे, तिकडं बघायचे. शेवटी ताडकन उठले.

"अरे, गावाची इज्जत हाय का न्हाई? नारळ म्हागारी जातो व्हय आपल्या गावात? आणा इकडं!"

आणि नारळ उपरण्यात घेतला.

मग काकासाहेबांनी नारळाकडं बघितलं, दारातल्या ट्रॅक्टरकडं बघितलं, पुन्हा नारळाकडं बघितलं. नंदाबाईंच्या सुनेला पहिलं हसू फुटलं, मग नंदाबाईंना, मग भागवतबुवांना, आणि मग खोलीभर नुसता धिंगाणा. मी रडत होते की हसत होते ते मला अजून सांगता येत नाही. काकासाहेब तेवढे हसत नव्हते. पण नारळ त्यांनी खाली ठेवला नाही, हे कबूल केलं पाहिजे.

"कोणची पोथी हाय पुढली?" त्यांनी बारीक आवाजात विचारलं.

आत्याबाईंनी पदरानं डोळे पुसले, कपाट उघडलं, बराच वेळ हात फिरवला आणि एक पुस्तक काढलं. ग्रामपंचायतीचा कारभार कसा चालवावा, त्याची माहिती होती त्यात.

दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला सगळं गाव खोलीत. मावेना म्हणून पायरीवर, पायरीच्या खाली. यजमान सगळ्यात पुढं, मांडी घालून, कपाळाला गंध. आत्याबाईंनी वाचलं, "ग्रामसभेत प्रत्येक गावकऱ्याला प्रश्न विचारण्याचा हक्क आहे." आणि रीतीप्रमाणे सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. मी एकदा काकासाहेबांकडं बघितलं आणि आयुष्यातला सर्वांत सविस्तर अर्थ सांगितला.

काकासाहेबांना घाम फुटला होता. त्यांनी तो उपरण्यानं टिपला आणि शाळेतल्या पोरासारखा हात वर केला. "वहिनी, मी एक इचारू का?"

आत्याबाईंनी पानात बोट घातलं आणि पुस्तक हळूच मिटलं. "इचारा की भाऊजी," त्या म्हणाल्या. "हितं बिलकुल मनाई न्हाई."